खडूच्या रेघांतले शेट्येकाका

महाडच्या बाजारपेठेत शेट्येकाकांच्या किराणा दुकानात शिरताना आधी खाली बघावं लागतं. स्टूल, वजनकाटा, गुळाचा डबा, प्रत्येक वस्तूभोवती जमिनीवर खडूची रेघ आहे. स्टूल जरा सरकलं, की गल्ल्यावरून आवाज येतो, "जागच्या जागी!"

गिऱ्हाइकं गोंधळतात. परवा एक बाई रेघेच्या रिकाम्या वर्तुळात उभ्या राहिल्या आणि रांग इथूनच का, असं विचारू लागल्या. ते वर्तुळ वाडग्याचं होतं. वाडगं घासायला गेलं होतं.

वाडगं राजाचं, काकांच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं. राजा हल्ली त्याच वाडग्याला नव्यानं हुंगतो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं की कुत्र्यालाही जागा आठवत नाहीत, ओळखीची वस्तू परकी वाटते. सामान हलवू नका. "मला विसरेल का?" काकांनी विचारलं. डॉक्टर औषध लिहीत राहिले. काकांनी येताना खडूचा पुडा आणला.

मागच्या दारातून बाहेर जायचं असलं, की राजा बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा राहायचा. काकांनी बाळू सुताराला बोलावलं.

"काका, दार बरोबर हाय. कुत्रा चुकतोय."

"त्याचं वय झालंय. दार तरुण आहे, त्यालाच जमवून घेऊ दे!"

बाळूनं दार उलटं बसवलं. दुसऱ्या दिवशी राजा दुसऱ्या बाजूला उभा. तिथं आता बिजागरी होती. काका कधी दाराकडे, कधी राजाकडे बघत राहिले.

पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढू लागलं, की बाजारपेठ माल वरच्या मजल्यावर नेते. यंदा सगळ्यांनी नेला, काका हटेनात. "राजाला काही सापडणार नाही."

शेजारच्या सुमनवहिनींनी झापलं, "भाऊजी, पाणी काय राजाला विचारून येणारे?"

गटारं उलटी वाहू लागली, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनीच माल वर चढवला. काकांनी फक्त राजाला उचललं. वर ते गुडघे टेकून खालचाच नकाशा आखत बसले. खोली लहान, भिंत आडवी आली तिथं रेघ भिंतीवर चढली.

पाणी पायरीपर्यंत येऊन ओसरलं. सकाळी मी चहा घेऊन वर गेलो, तर राजा काकांवर गुरगुरत होता. मला वाटलं, जागा बदलल्यामुळे.

"नाही, खालीसुद्धा रोज सकाळी असंच," काका म्हणाले. "दुपारपर्यंत ओळख पटते."

ते राजापासून हातभर लांब जमिनीवर बसले. हात पुढे केला आणि नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "नमस्कार. मी शेट्ये. इथंच राहतो."

राजानं हात हुंगला आणि तोंड फिरवलं. काका हात तसाच धरून बसले. मी चहा झाकून ठेवला.