कातडी न फाटल्याचा दाखला

एका जंगलातल्या तळ्यात, मुलांनो, सगळा कारभार वासावर चालत असे.

त्याचं कारण मासोळीच्या कातडीत होतं. ही कातडी म्हणजे जिवंत पेशींचे थर. त्यातल्या काही पेशी बुळबुळीत चिकटा बाहेर सोडतात. काहींना मात्र बाहेर तोंडच नसतं. कातडी फाटली तरच त्या फुटतात. आतलं रसायन पाण्यात मिसळतं आणि त्या वासाने बाकीच्या मासोळ्या सैरावैरा पळतात.

तो वास हुंगायचं काम टिपूताई नावाच्या मासोळीकडे होतं. बाई फार काटेकोर. वास आला की गुन्हा. नाही आला की शांतता.

तळ्यात मरळराव नावाचा थोराड मासा राहायचा. चावल्याबद्दल त्याला उथळ पाण्यात यायला बंदी होती, कारण तिथे सगळ्यांची पिल्लं होती. टिपूताईंचीही सात.

मग मरळरावाने चावणं सोडलं. तो अख्खं गिळू लागला. आणि टिपूताईंकडे अर्ज केला: मी सुधारलो, बंदी उठवा.

“ताई, माझी सून दिसत नाही हो,” शेजारीण म्हणाली.

“माहेरी गेली असेल.”

“तिचं माहेर याच तळ्यात आहे!”

“मग जवळच आहे की. काळजी कसली?”

तेवढ्यात खेकडेमामा तिरके धावत आले. “अगं टिपे, मी पाहिलं! त्या मरळ्याने तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत गिळलं!”

“ओरखडा उमटला?”

“नाही.”

“खवला निघाला?”

“नाही गं बाई!”

“मग मामा, नेमकं झालं काय?”

तरी टिपूताईंना रात्रभर सात पिल्लं डोळ्यांपुढे दिसली. वास आला नाही, एवढ्यावरच अर्जावर सही करायला त्यांचं मन धजेना. सकाळी त्या स्वतः मरळरावाकडे गेल्या. “तुमचे दात तपासायचेत.”

“या ना, आतूनच बघा,” मरळराव अदबीने म्हणाला आणि त्याने जबडा उघडला.

ताई आत शिरल्या. जबडा मिटला.

थोड्या वेळाने पोटातून आवाज आला, “कातडी शाबूत! अर्ज मंजूर!”

मरळराव ऐटीत उथळ पाण्याकडे निघाला. वाटेत खेकडेमामांनी नांगी आडवी धरली.

“कागदावर ताईंची सही दाखव.”

कागद कोराच होता; सही करणाऱ्या ताई तर पोटात. मरळराव खोल पाण्याकडे परत वळला.

तो अर्ज अजून विचाराधीन आहे. सातही पिल्लं आता चांगली मोठी झाली आहेत.

तात्पर्य: मुलांनो, अधिकाऱ्याला गिळायचंच असेल, तर आधी सही होऊ द्यावी.