पट्टीला चार वेढे

आई सोडून आमच्या घरातल्या प्रत्येक माणसाला वेंकोबमामाने कधी ना कधी डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टीत गुंडाळलेलं आहे, आणि त्यांतल्या एकालाही जखम झालेली नव्हती.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ; तिला तो अक्का म्हणे. कुंभकोणच्या एका इस्पितळात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मुक्काम आमच्याकडेच. रविवारी सकाळी आंघोळ आटोपून, धुतलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या घेऊन तो ओसरीवर बसे आणि जो सापडेल त्याला समोर बसवी. "हालूं नको. सराव गेला कीं हात गेला!" माझे वडील, आप्पा, वकील. एकदा ते असे गुंडाळलेले असताना त्यांचा अशील आला, हळहळला आणि कागद न दाखवताच परत गेला.

माणसं कमी पडली की वस्तू. ताईच्या लग्नात द्यायला नाचियारकोविलहून पितळी समई आणली, तर मामाने तीही बांधली, प्रत्येक वेढ्याला घडी घालून. मांडवात ती पट्टी कोणाला सोडवेना. वरपक्षाकडच्या एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "कुठें पडली ही?"

मामाचं दुसरं वेड म्हणजे कॉलेजची निंदा. आमच्या गावात ज्याच्या मुलाचं नाव कॉलेजात नाही, त्याला लोक मुलाची तब्येत विचारतात. मामा मात्र मॅट्रिकनंतर तंजावरला वर्षभर शिकून नोकरीला लागलेला. कावेरीच्या पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसलेला कोणीही दिसला की हा गाठायचा. "बी.ए.ला चार वर्षं, पट्टीला चार वेढे. कोणाचें रक्त आधीं थांबतें, सांग!" इतक्या वर्षांत एकही गडी त्याच्या गळाला लागला नाही.

मग मी इंटरला दुसऱ्यांदा नापास झालो. आप्पा म्हणाले, तिसऱ्यांदा बस. मला आकडे दिसले की घाम फुटायचा, पण रक्ताचं भय कधी वाटलं नव्हतं. दोन रात्री विचार केला, आणि संध्याकाळी मामा इस्पितळातून मागच्या फाटकातून परसात शिरला तेव्हा त्याला गाठलं.

"मामा, मी तंजावरला जातों. ड्रेसर होतों."

मला वाटलं, मामा नाचेल. त्याने छत्री भिंतीला टेकवली.

"नको. आप्पा सांगतात तसें कर. परीक्षेला बैस."

"तूंच तर साऱ्या गावाला सांगत फिरतोस!"

"गावाला सांगतों. तूं घरचा."

मी हटेना, तेव्हा तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला. "हें पाहा. दिवसभर पू, रक्त, कोणाकोणाचें अंग. न्हाल्याशिवाय अक्का मला उंबरा ओलांडूं देत नाहीं. तिचें चुकतें असें म्हणत नाहीं मी. पण न्हाल्यावर सुद्धां ती कॉफी खालीं ठेवते, हातांत देत नाहीं. तीन ठिकाणीं मुली पाहिल्या. तिघींच्या बापांनीं एकच विचारलें, हे हात कशाकशाला लागतात? नऊ वर्षं झालीं रे. ज्याला लागलेलें असतें, तोच मला हात लावूं देतो."

रविवारच्या पट्ट्या कशासाठी होत्या ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं आपण हसत होतो याची फार लाज वाटली.

मी त्याचा हात धरला. "चल, आप्पांना सांगूं."

"अरे सोड! मी न्हालों नाहीं!"

"माहीत आहे."

तसाच ओढत त्याला मागच्या दारापर्यंत नेला. दारात सोवळ्यातली आई उभी. तिने आधी आमच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि कडाडली, "मेल्यांनो, स्वयंपाक झाला आहे माझा! दोघेही आधीं विहिरीवर चला!"

आम्ही मुकाट्याने गेलो. मामाने पोहरा ओढला आणि माझ्या डोक्यावर ओतला. "तंजावरचा अर्ज उद्या दाखव मला," म्हणाला, "तुझें अक्षर घाण आहे." मग दुसरा पोहरा स्वतःवर घेताना शहारला. "आई गं! पाणी काय थंड आहे रे!"

नऊ वर्षं तो तिथे रोज न्हात आला होता. पाणी थंड आहे हे सांगायलासुद्धा त्याला कोणी नव्हतं.