विसाव्याची दोन मिनिटे

आवक-जावक शाखेतल्या बाईंचे वजन त्र्याण्णव किलो असून तिसरा मजला चढताना त्यांना धाप लागते, ही बाब डॉक्टरीणबाईंच्या निदर्शनास आली. हृदय थकत चालले होते.

"घाबरू नका, ताई. एक मिनिट झपाझप चालायचं, दोन मिनिटं रमतगमत. असं आठ वेळा, एक दिवसाआड. आणि ती दोन मिनिटं चुकवायची नाहीत. हृदय तेवढ्यातच सावरतं."

बाईंना जगायचे होते. धाकटी लेक अजून शिकत होती. त्यांनी मधल्या सुट्टीत कार्यालयाचा व्हरांडा वापरण्याची परवानगी मागितली. अर्ज दोन प्रतींत, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र.

अधीक्षकांनी अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला. वेगाच्या आठ मिनिटांना त्यांची हरकत नव्हती. "पण ही रमतगमतची सोळा मिनिटं? वरच्या कुणी पाहिलं तर माझी मान अडकेल, बाई."

"साहेब, सुट्टी माझीच आहे ना?"

"सुट्टी तुमची. व्हरांडा कार्यालयाचा."

तोडगा निघाला. रमतगमत चालताना हातात फायली असाव्यात आणि हातासरशी त्या शाखाशाखांत पोहोचवाव्यात. आठवडाभरात फायली नेणाऱ्या शिपायाची बदली झाली. मग शाखांची तक्रार आली, की फायली फार सावकाश येतात. त्यावर परिपत्रक निघाले: साध्या फायली विसाव्याच्या मिनिटांत, तातडीच्या वेगाच्या मिनिटांत. दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत एकही साधी फाइल उरली नाही. करकरणाऱ्या पंख्याला तेल घालण्याचा प्रस्तावसुद्धा 'अतितातडीचा' झाला.

बाई आता चोवीसच्या चोवीस मिनिटे पळत होत्या. वार्षिक अहवालात 'स्थूल महिला कर्मचारी हृदयस्वास्थ्य उपक्रम' छायाचित्रासह यशस्वी ठरला. छायाचित्रात बाईंचा चेहरा वेगामुळे पुसट आला होता.

राहिलेला विसावा घरी घ्यावा म्हणून त्या एका संध्याकाळी खुर्चीत टेकल्या.

"आई, बसलीच आहेस तर एवढं बटण लावून दे ना," लेक म्हणाली.

त्या सुईदोरा आणायला उठल्या.

"उठलीच आहेस तर पाणी आण गं," नवरा म्हणाला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख पाहिला आणि कपाळाला हात लावला. "विसावा घेता ना?"

"त्याला मंजुरी नाही मिळाली."

"आणि घरी?"

बाई नुसत्या हसल्या.

"हसू नका, ताई! हा व्यायाम नाही, ही दमछाक आहे. असंच चाललं तर पुढच्या वेळी तुम्हाला उचलून आणतील."

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. छाती धडधडत होती, भीती वाटत होती, रडूही येत होते. आज दोन मिनिटे बसायचेच, असे ठरवून त्यांनी घड्याळाकडे पाहिले. चाळिसाव्या सेकंदाला फोन वाजला. अधीक्षक होते, फाइल तातडीची होती. बाई उठल्या.

वाचक हे बहुधा बसून वाचत असतील. हातात चहाचा कप असल्यास तो आणून देणाऱ्या बाई त्यानंतर बसल्या की नाही, याची कृपया खातरजमा करावी. मात्र हाक मारून विचारू नये. त्या उठून येतील.