वास येणाऱ्या वस्तू झाडावर

निसर्ग ऋतूंच्या क्रमाने पाहायचा असतो. म्हणून ही हकिकतही तशीच.

वसंत

"या वर्षी बाबांना उत्तरेकडच्या तळ्यावरचे हंस मी दाखवणार!" असं मी जेवता जेवता जाहीर केलं. बाबा म्हणजे माझे सासरे. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. "एकदा तरी काहीतरी लांबचं, मोठं आणि बंद न पडलेलं बघायचंय," एवढीच त्यांची इच्छा.

"तुम्ही दाखवणार?" बायको म्हणाली. "तुम्हाला गच्चीवर जायला सोबत लागते!"

मी दुर्लक्ष केलं. निसर्गाचा अभ्यास मी सोफ्यावरून केलाय, पण सखोल केलाय!

उन्हाळा

तंबू दिवाणखान्यात उभारून पाहिला. त्या विषयावर मी आणि छताचा पंखा, दोघेही बोलत नाही.

शरद

गाडी उत्तरेला निघाली. झाडं पिवळी, तांबडी, पुन्हा पिवळी. मी प्रत्येकाचं नाव सांगत होतो.

"मघाशी याचंच नाव वेगळं होतं," बायको म्हणत होती.

संध्याकाळी तळं गाठलं. हंस होते! पलीकडच्या काठाला, सांडलेल्या साबुदाण्यासारखे.

"उद्या सकाळी दक्षिणेला उडतील," मी म्हणालो. "तोवर दोन नियम. बोलायचं नाही. आणि वास येणारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून झाडाला टांगायची. वासाने अस्वलं येतात!"

"इथे अस्वलं आहेत?"

"नाहीत. पण नियम आहे."

बाबा डुलकी काढत होते, तेवढ्यात मी सामान हुंगून काढलं. बिस्किटं, टूथपेस्ट, साबण, बायकोचं क्रीम, सगळं वर! दोरीचं दुसरं टोक लोक बुंध्याला बांधतात. वेडे! अस्वलाने गाठ सोडली तर? मी त्या टोकाला दगड बांधून तेही वर भिरकावलं. फांदीला वेढे बसले, टोक अडकलं. आता ती पिशवी कुणीच काढू शकणार नव्हतं. कुणीच.

हिवाळा

दुसऱ्याच दिवशी सकाळी गवतावर दव गोठलेलं, म्हणजे हिवाळाच! बाबा तंबूतून चाचपडत बाहेर आले.

"जावईबापू, माझा चष्मा..."

"शू! हंस!"

"अहो, पण चष्मा..."

"शू!!"

बायकोने माझा कोपर धरला. "बाबांच्या चष्म्याचं घर कुठंय?"

त्या घरात बाबा खोकल्याच्या गोळ्या ठेवतात. पुदिन्याच्या. घमघमणाऱ्या.

आम्ही दोघांनी सावकाश वर पाहिलं.

"माझे बाबा," बायको कुजबुजली, "जन्मात एकदा हंस बघायला आलेत. हंस आत्ता उडतील. आणि तुम्ही त्यांचे डोळे झाडाला टांगलेत!"

मी काठी फेकली. ती वरच राहिली. बूट फेकला. तोही राहिला. दुसरा बूट पहिल्याला सोबत म्हणून राहिला. झाड जुन्या बाजारासारखं दिसू लागलं.

शेवटी मी चढलो. मोज्यांवर!

"जावईबापू, ऐका तरी..." बाबा खालून हातवारे करत होते.

"शू!" मी वरून.

पिशवीला हात लागला आणि फांदी कडाडली. त्यावर मी जो आवाज काढला, तो अस्वलाचाही निघाला नसता. सगळं तळं एकदम फडफडत उठलं!

"हंस गेले हो, बाबा!" बायको रडकुंडीला आली.

"वा!" बाबांचा आवाज. "काय रांग आहे! पुढे एकटा, मागे दोन्हीकडे ओळी... डावीकडचा शेवटचा जरा मागे पडतोय बघ."

"बाबा? चष्म्याशिवाय?"

"अगं, तो जवळचं बघायला! लांबचं मला लख्ख दिसतं. हेच सांगायला कधीचा तोंड उघडतोय, तर वरून नुसतं शू, शू!"

"मग चष्मा मागत कशाला होता?" मी फांदीवरून ओरडलो.

"दाढी करायची होती. साबणही वरच आहे ना? उतरताना घेऊन या."

हंस कसे दिसत होते, म्हणता? मला काय माहीत! मी फांदीला मिठी मारून डोळे गच्च मिटले होते.