गेटवर पदवीधर

वॉचमनच्या शिट्टीला लिपस्टिकचा डाग.

निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या डोक्यावर निळी टोपी.

पाण्याचा टँकर गेटपर्यंत येऊन परत गेला.

वारजेतल्या त्या सोसायटीत हे सगळं एका ठरावामुळे झालं. शेजारच्या सोसायटीनं बी.कॉम. झालेला वॉचमन ठेवला, तेव्हा चेअरमन यज्ञेश्वर परचुऱ्यांना वाटलं, आता आपल्या फ्लॅटचे भाव पडणार. त्यांनी ठराव मांडला : वॉचमन पदवीधरच हवा. चहा आला होता, म्हणून तो लगेच पासही झाला.

आपला कचरू बारावी आहे, हे चहा संपल्यावर आठवलं.

कचरूनं वाशिमहून बायको आणि मुलगी नुकतीच आणली होती. मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं.

"काका, मले काढता का मंग?"

परचुरे काही वाईट माणूस नव्हते. ठराव मागे घेणं त्यांना जमत नव्हतं आणि कचरूला काढणंही. त्यांनी त्याचं नाव मुक्त विद्यापीठात घातलं आणि गेटवर पाटी लावली : 'येथील रखवालदार पदवीधर असतात. (सध्याचे होत आहेत.)'

बी विंगच्या हेमाताई अर्थशास्त्रातल्या डॉक्टरेट. त्या गेटवरच्या केबिनमध्ये त्याला शिकवू लागल्या. कचरू नोट्स काढणार, मग गेट कोण उघडणार? सभासदांच्या पाळ्या लागल्या. परीक्षा जवळ आली तसा त्याला हॉर्नचा त्रास होऊ लागला. हेमाताईंनी त्याला वर आपल्या हॉलमध्ये बसवलं आणि शिट्टी घेऊन स्वतः खाली आल्या. परचुऱ्यांच्या पाळीत टँकरवाल्यानं त्यांना "ए वॉचमन" म्हणून हाक मारली. त्यांनी गेट न उघडता त्याला ठरावाची पार्श्वभूमी समजावून सांगितली. त्या दिवशी कुणाची आंघोळ झाली नाही.

शेवटी कचरू बी.ए. झाला, सेकंड क्लास. पेढे वाटले. परचुऱ्यांनी पाटीवरचा कंस खोडला आणि टोपी त्याच्यापुढे धरली.

कचरूनं ती घेतली नाही.

"काका, बाजूले आता एम.ए.वाला आला."

"बरं. मग?"

"तुमी ठराव आणसानच. म्हून मी आधीच नाव घालून आलो."

 परचुऱ्यांनी टोपी परत घातली.

"मराठी घेतलंस का अर्थशास्त्र?" हेमाताईंनी शिट्टी पदराला पुसत विचारलं.

यज्ञेश्वर परचुरे १९७३ साली अकरावी मॅट्रिकवर बँकेत लागले. मुलाखतीत त्यांना सायकल येते का, एवढंच विचारलं होतं.