चौथ्या चाकाची हवा

बुद्धभूषणच्या गाडीत हवेचा पाइप बसला तो सगळा आठवडा तो घरात कोणाशी धड बोलला नव्हता. शेतं मोजून देणं हा त्याचा धंदा, आणि त्यासाठी त्याने चारही चाकांना जोर असलेली जुनी पिकअप घेतली होती. काळ्या रानातल्या चिखलात शिरायचं तर टायरातली हवा कमी करावी लागते, अन् डांबरावर आलं की पुन्हा भरावी लागते. म्हणून त्याने बॉनेटखाली हवा भरायचं यंत्र बसवून घेतलं. पण पाइप ठेवायचा कुठे? सीटमागे ठेवला तर उंदीर कुरतडतील. सायलेन्सरजवळून नेला तर वितळेल. खाली लोंबता सोडला तर तुरीच्या वाळक्या तुराट्यांत अडकून तुटेल. काळजी करण्यात बुद्धभूषणचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

शेवटी त्याने पाइप बॉनेटखालून उजव्या बाजूने, चेसिसच्या आतून, थेट मागच्या बंपरपर्यंत नेला. जागोजागी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून असा आवळला की भूकंप झाला तरी हलू नये. उरलेल्या वेटोळ्यासाठी हौद्यात जाळी केली, आणि जाळीला जागा हवी म्हणून स्टेपनी घरी काढून ठेवली.

"स्टेपनी काहून काढली?" बायकोने, राणीने विचारलं.

"हवा संगं असल्यावर स्टेपनी कशाला लागते?"

राणीने स्टेपनी ढकलत नेऊन भिंतीला टेकवली.

आणि गाडीच्या नशिबी पहिलंच काम आलं ते सासऱ्यांचं. पुंजाजी वाशिम-हिंगोली रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याहून आत, रानातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोनदा हुकली होती, दोन्ही वेळा पावसाने वाट बंद केली म्हणून. आता बुधवारी सकाळी अकरा वाजता हिंगोलीत डोळ्यांच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदाच वाशिमहून यायचे. पुंजाजींच्या पोराने त्यांना याच डॉक्टरांकडून तपासून आणलं होतं, पण तो आता पुण्याला कामावर गेलेला. राणी नवऱ्याला म्हणाली, "ह्या बारीला तारीख हुकली तर आबा पुन्हा दवाखान्याचं नाव घेणार न्हाईत."

बुद्धभूषणला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी मात्र सगळं नीट झालं. त्याने चिखलाच्या तोंडाशी चारही टायरांची हवा सोडली, गाडी म्हशीसारखी डुलत आखाड्यापर्यंत गेली आणि पुंजाजींना घेऊन तशीच डुलत परत नाक्यावर आली. पुंजाजी पुढच्या सीटवर पांढरं धोतर नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांना घ्यायला सोबत आलेली राणी त्यांच्या शेजारी. जावयाच्या गाडीबद्दल त्यांचं मत जुनंच होतं. "गाडी बरी हाय," ते म्हणायचे, "पण बैल चारा खातो तं शेण तरी देतो."

नाक्यावर दगडोबाच्या धाब्यासमोर गाडी उभी केली तेव्हा साडेनऊ वाजले होते. बुद्धभूषणने जाळीतून पाइप काढला. मागची दोन्ही चाकं भरली. पुढचं उजवं भरलं. मग पुढच्या डाव्या चाकाकडे निघाला, आणि पाइप ताणून उभा राहिला. चाक अजून एक हात लांब होतं.

त्याने पाइप गाडीखालून तिरपा नेला. तरी एक हात कमीच. यंत्र त्या चाकापासून दोन वितींवर होतं, पण त्यातली हवा अख्ख्या गाडीला वळसा घालून मागून निघत होती. आयुष्यभर लोकांची शेतं मोजणाऱ्या माणसाने आपला पाइप मात्र मोजला नव्हता. शेजारचा पंक्चरवाला बारशाला गेला होता. अशा बसक्या टायरावर हिंगोली गाठायची म्हणजे वाटेतच टायर निघून जायचा.

"गाडी उलटी लावा की," दगडोबा धाब्यातून ओरडला. "तोंड तिकडं करा, मंग ते चाक पाइपाकडं येते बराबर."

काळजीत माणसाला काहीही पटतं. बुद्धभूषणने गाडी सुरू केली, मागे-पुढे करून तोंड फिरवलं, उतरला आणि पाइप ओढला. एक हात कमी.

"आता आडवी लावा," दगडोबा म्हणाला.

ती आडवीही लावली. तेव्हा पुढच्या सीटवरून पुंजाजींनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, मला तं दिसत न्हाई. पण पाइप गाडीलाच बांधेल हाय ना?"

दगडोबा भजी तळायला आत गेला.

"मी दुसरं वाहन पाहते," राणी म्हणाली आणि पदर खोचून चौकाकडे निघाली. दहाला दहा मिनिटं कमी होती.

बुद्धभूषणने जॅक काढला. चाक पाइपापर्यंत न्यायचं, एवढाच उपाय राहिला होता. तो नट सोडवत असताना एक दूधवाला मोटारसायकल घेऊन आला. "भाऊ, मागच्यात जराशी हवा मारा." नाही म्हणायला लागणारा वेळ हवा मारण्यापेक्षा जास्त, म्हणून त्याने मारली. ते पाहून टायरच्या चाकांची बैलगाडी आली. बैलगाडीवाल्याने दोन्ही चाकं भरून घेतली आणि वर सांगितलं, "पाइप जरा लांब पाहिजे व्हता."

सव्वादहा. घामाने सदरा पाठीला चिकटला. इतक्यात एक पांढरी कार येऊन थांबली आणि तीतून चष्मेवाला माणूस उतरला.

"थोडी हवा मिळेल का? पंक्चरवाला नाहीये, आणि मला घाई आहे."

बुद्धभूषणचा बांध फुटला. "सायेब, घाई कोणाला न्हाई? माझ्या सासऱ्याचं अकराला डोळ्याचं ऑपरेशन हाय! तो डॉक्टर लय खडूस हाय म्हणतात. पाच मिनिटं उशीर झाला तं पेशंटला हाकलून देते!"

"असं कोण म्हणतं?"

"सारी हिंगोली म्हणते!"

"जावईबापू," गाडीतून पुंजाजींचा आवाज आला, "जरा हळू. हा आवाज वळखीचा वाटून राहिला." मग त्यांनी अंदाजाने बाहेर हात जोडले. "नमस्कार, डागदरसायेब."

बुद्धभूषणच्या हातून पाइप सुटला आणि फुसकन आवाज करून धुळीत पडला.

डॉक्टर खिडकीशी गेले. "आजोबा, अकराचे तुम्हीच ना? डोळ्यांत थेंब घातलेत का?"

"घातले जी. सकाळी लेकीनं घातले."

बुद्धभूषणने डॉक्टरांच्या कारची हवा भरली. भरताना त्यांच्याकडे बघायची हिंमत त्याला झाली नाही. डॉक्टरांनी पुंजाजींना पुढे बसवलं. चौकातून हात हलवत परतलेली राणी मागे बसली, आणि कार निघून गेली.

उघड्या चाकापाशी बुद्धभूषण एकटा उरला. त्याने चाक लोळवत नेऊन भरलं, बसवलं, नट आवळले. पण सगळ्या वाटेने त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्याच्या हातात सासऱ्याचा डोळा, त्यालाच आपण तोंडावर खडूस म्हणालो. डॉक्टरांचा हात चुकला तर? मुद्दाम नाही, पण मनात राग असला तर? आणि राणीला हे कळलं तर?

दवाखान्यात पोचायला त्याला साडेबारा झाले. राणी दारातच भेटली. त्याने तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण ते त्याला लग्नापासून कधीच जमलं नव्हतं.

"झालं," ती म्हणाली. "नीट झालं. हळू या, आबा बोलून राहिले."

आत चार खाटांवर चार म्हातारे, चौघांच्याही एकेका डोळ्यावर पट्टी. पुंजाजी मधोमध बसून, हातातला चहा सांभाळत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते,

"अरे, पेशंटला दवाखान्यात कोणाचाबी जावई आणते. आमच्या जावयानं डागदरला आणलं."