कमी, पण कशापेक्षा?

शनिवार पेठेतले पेटीदुरुस्तीकार दत्तप्रसाद खळदकर यांना आवाज कमी करून हवा होता. मागणी एवढीच होती. समोर ऋषीचं मोबाइल कव्हरांचं दुकान निघाल्यापासून त्याच्या दारातला स्पीकर दिवसभर एकच वाक्य बोलत असे, "या या या, कोणताही फोन, कोणतंही कव्हर, फक्त नव्याण्णव!" आणि पेटीचा सूर लावायचा म्हणजे आतली पितळी पट्टी केसभर घासायची, कान द्यायचा, पुन्हा केसभर घासायची. दत्तप्रसाद कान देत तेव्हा त्यांना 'नव्याण्णव' ऐकू येई. महिन्यात तीन पेट्या परत आल्या. गायनाचे वर्ग घेणाऱ्या शेफालीताईंनी तर भात्यावर चिठ्ठी चिकटवून पाठवली : 'सा कुठे ठेवला आहे ते कळवावे.'

"तीस वर्षांत एक पेटी परत आली नव्हती," दत्तप्रसाद म्हणाले.

"मग त्या मुलाला सांगा ना जाऊन," त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"'काका, ऐकू येत नाहीये,' म्हणाला."

तेव्हा दत्तप्रसादांनी महापालिकेच्या उपद्रव न्यूनीकरण कक्षात रीतसर अर्ज केला. कक्षप्रमुख उत्तरेश्वर ढवळे यांच्या टेबलावर फायली नव्हत्या. एक जाडजूड शब्दकोश होता, आणि तो वापरलेला दिसत होता.

"तुम्ही लिहिलंय 'आवाज कमी करावा'," ढवळेसाहेब म्हणाले. "पण मूळ नियम इंग्रजीत आहे. त्यात क्रियापद आहे 'अबेट'. आधी ते समजून घ्या. बसा."

दत्तप्रसाद बसले.

"हे क्रियापद मुळात इंग्रजांचं नाहीच. त्यांनी फ्रेंचांकडून घेतलं, फ्रेंचांचं लॅटिनमधून आलेलं. मूळ अर्थ बडवणे, बडवून खाली पाडणे. हा अर्थ आम्ही पोलिसांकडे वर्ग करतो. दुसरा अर्थ, समूळ नाहीसं करणे. त्याला वरून मंजुरी लागते, आणि वरच्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. तिसरा कोर्टातला. अर्जदार वारला आणि वारस पुढे आला नाही, की प्रकरण आपोआप संपतं. आमची बरीच प्रकरणं याच अर्थाने निकाली निघतात. आपली तब्येत कशी असते?"

"ठणठणीत."

साहेबांनी खेदाने नोंद केली. "मग चौथा घ्यावा लागेल. कमी करणे."

"मी तेच लिहिलंय."

"तुम्ही मूळ न बघता लिहिलंय."

या वाक्यापुढे अस्सल पुणेकराचं काही चालत नाही. दत्तप्रसाद ओशाळले.

"आता सांगा, कमी म्हणजे कशापेक्षा?"

"आत्ता आहे त्यापेक्षा."

"आत्ता किती आहे? मोजलाय? नाही ना? मग आधी मोजू, आणि मोजणीच्या वीस टक्के घट करायला लावू. पुराव्यानिशी."

ऋषीला नोटीस गेली : मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपला आवाज मोजण्यात येईल, त्यानंतर त्यात वीस टक्के घट करणे बंधनकारक राहील. ऋषी बीकॉम झालेला होता. त्याने नोटीस दोनदा वाचली आणि सोमवारीच आणखी तीन स्पीकर आणले.

"अरे, हे काय?" दत्तप्रसाद ओरडले.

"कमी करायला सांगितलंय ना काका? मग कमी करायला काहीतरी पाहिजे की नको? चिल. मी एकदम लॉ अबायडिंग आहे."

ही दृष्टी गल्लीत झपाट्याने पसरली. मंगळवारी ज्यूसवाल्याचे दोन स्पीकर लागले, साडीवाल्याचे चार. चाळीस वर्षं मुकाट वाती-उदबत्त्या विकणाऱ्या रंगनाथरावांना कक्षाकडून विचारणा आली, की आपली घट निरंक का दिसते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भोंगा बसवला आणि दोन दिवसांत तो वीस टक्के कमी केला. त्यांना प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी भोंग्याखाली लावलं.

दत्तप्रसाद पुन्हा कक्षात गेले.

"साहेब, आवाज चौपट झालाय हो!"

"गल्लीत सरासरी एकवीस टक्के घट आहे," ढवळेसाहेब अभिमानाने म्हणाले. "तुमचा घोटाळा असा होतोय, की तुम्ही कानाने ऐकताय."

"मग कशाने ऐकू?"

"अहवाल वाचा."

तोवर परत आलेल्या पेट्या अकरा झाल्या होत्या आणि दत्तप्रसाद दुकानाला कुलूप लावायच्या बेतात होते. एका दुपारी हताश बसले असताना त्यांच्या ध्यानात आलं, की सगळे स्पीकर मिळून एक अखंड घरघर निघते. ती पांढरी चार आणि काळी तीन या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होती, जिथे कुठलाही सभ्य सूर राहत नाही. दत्तप्रसादांनी डोळे मिटले आणि शेफालीताईंची पेटी थेट त्या घरघरीत लावली. घराण्याचं नाव बुडणार होतं.

शेफालीताई आल्या. त्यांनी सा धरला. त्यांचे डोळे भरून आले.

"खळदकर, किती वर्षांनी खरा सा ऐकला!"

मग रांग लागली. वीस टक्क्यांची घट एव्हाना शहरभर पोचली होती, आणि तिच्याबरोबर घरघरही. बिबवेवाडीतून पेट्या आल्या, विश्रांतवाडीतून आल्या. सगळ्या त्याच फटीत लागल्या आणि सगळे तृप्त होऊन गेले. ढवळेसाहेबही आपली पेटी घेऊन आले आणि शास्त्रशुद्ध कामाबद्दल त्यांनी पाठ थोपटली.

तक्रार एकच आली. लांबच्या खेड्यातले गेनबा भजनी मंडळाची पेटी डोक्यावर घेऊन आले.

"मास्तर, पेटी बेसूर हाय. समदं मंडळ म्हनतंय."

दत्तप्रसादांनी त्यांना पाणी दिलं. "तुमच्या गावात स्पीकर किती आहेत?"

"येक बी न्हाई."

"येतील," दत्तप्रसाद हळूच म्हणाले. "तोवर पेटी ठेवून द्या."

शहरातून मात्र आजतागायत एकही तक्रार नाही. आपल्या घरी खळदकरांकडून आलेली पेटी असेल, तर आत्ताच सा धरून पाहा.

अगदी सुरात वाटतोय ना?

तेच म्हणतोय.